सोडलेल्या तारा

टेबलावर मी आमच्या कापडाचं थान उलगडलं. सुरुवातीचं कापड बरोबर होतं. पुढे मात्र माझं डिझाइनच गायब होतं.

पडघा रोडवरच्या हॉलमध्ये पॉवरलूमवाल्यांची नव्या कापडाची स्पर्धा होती. परीक्षक शेजारच्या टेबलापर्यंत आले होते. माझ्याजवळ आमचे बाळाराम शेठ उभे होते. कामतघरला त्यांच्या कारखान्यात मी डिझायनर आहे.

कापडातल्या उभ्या तारा म्हणजे ताणा, आडव्या म्हणजे बाणा. ताण्यातली तार तुटली की कापडात फट पडते. भिवंडीत त्याला डॅमेज म्हणतात आणि माल परत येतो. मी मात्र पडद्याच्या कापडातून ठरावीक तारा मुद्दाम काढून लूममागे बांधायला लावल्या होत्या. फटींतून उजेडाचे पट्टे पडायचे, आमच्या कशेळीच्या जुन्या घरात कुडाच्या भिंतीतून पडायचे तसे.

शेठना ते पटलं नव्हतं. “बाय, जल्मभर आमी डॅमेज लपवला. तू तो टेबलावर मांडतंस? उद्या मला काम कोन देल?” मी शब्द दिला होता, लोक हसले तर डिझाइन सोडून पुन्हा चेकिंगला बसेन. तिथे दिवसभर फक्त कापडातल्या चुका शोधायच्या. त्या शब्दावर मला एक लूम मिळाला.

मी कारागीर इरफानभाईंना फोन लावला.

“मॅडम, बहुत तार छूटी थी,” ते अभिमानाने म्हणाले. “पहली शिफ्टवाले ने देखा नहीं होगा. हमने सब भर दी.”

त्यांना काय बोलणार? हाताला लागलेली सवय. त्यांना सांगायचं मला सुचलंच नव्हतं.

शेठ कानाशी म्हणाले, “भरलेलं वर ठेव. फटीचं आत गुंडाळ.”

मोह झाला. साधं, चांगलं कापड; कोणी हसणार नाही, माझी खुर्ची शाबूत. तरी मी दोन्ही भाग शेजारी शेजारी पसरले. शेठनी तोंड फिरवलं.

मुख्य परीक्षक जुने कापड व्यापारी. त्यांनी फटीवर बोट ठेवलं.

“तारा कुठं गेल्या?”

“सोडल्यात, सर.”

“सोडल्या की तुटल्या?”

“आमच्या कारागिरालाही तुटल्यासारख्या वाटल्या. त्याने भरल्या, तो हा भाग. ताणा एकच आहे. दोन्ही ओढून बघा.”

त्यांनी फटीच्या दोन्ही बाजूंना अंगठे रोवले आणि ताणलं. शेजारच्या तारा सरकल्या असत्या तर सगळं संपलं होतं. त्या तारा मी दाट भरून घेतल्या होत्या, पण लोकांसमोर अशी परीक्षा झाली नव्हती. तारा हलल्या नाहीत. मग त्यांनी थान खिडकीसमोर धरलं. अर्ध्या टेबलावर नुसती सावली पडली, अर्ध्यावर पट्टे.

पहिलं बक्षीस एका शर्टिंगला गेलं. आम्हाला उत्तेजनार्थ मिळालं. कोणी हसलं नाही, आणि एका व्यापाऱ्याने पडद्यांसाठी नमुना मागितला.

परतताना शेठ म्हणाले, “इरफानला वरडू नको. त्यानं भरलं म्हनून तुजी फट दिसली.”

नवी कल्पना परीक्षकांच्या आधी आपल्याच माणसांना समजवावी, एवढं मी शिकले. आता त्या लूमवर पाटी आहे : ‘तार टूटी नहीं, छोड़ी है.’ इरफानभाई शिफ्ट सुरू करताना ती वाचतात, आणि मग फटीकडे बघायचं टाळतात.