आमच्या घराची पहिली थाप

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार कुणाचे, असे कुणी विचारले तर मी दादाचे नाव घेतो. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. वडील गेले तेव्हा तो सहावीत होता. त्याने दप्तर खुंटीला अडकवले ते कायमचेच. शेतीचे त्याने पाहिले आणि मी तालुक्याच्या शाळेत, पुढे मुंबईच्या कॉलेजात गेलो. आमच्या वाडीतला पहिला बी. ए. मी झालो, तेव्हा त्याने गावात गूळ वाटला आणि मला मात्र एवढेच म्हणाला, "आता पाठ सरळ ठेवून चालत जा."

दादा शिमग्याच्या खेळ्यांत, म्हणजे घरोघर नाचत-गात फिरणाऱ्या मंडळीत, मृदंग वाजवी. आमचे गाव संगमेश्वराकडचे. होळीच्या दिवशी ग्रामदेवीची पालखी तिच्या चौथऱ्यावर येऊन बसली, की मृदंगावर पहिली थाप आमच्या घरच्या पुरुषाने मारायची आणि मगच नमनाला, देवीपुढच्या गाण्या-नाचाला, सुरुवात व्हायची. हा आमच्या घराचा मान. कोकणात मान म्हणजे काय ते बाहेरच्याला सांगून कळत नाही. आमच्याकडे जमिनीचा तुकडा गेला तर माणसे वर्षभर हळहळतात, मान गेला तर नातवंडांना सांगतात.

एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षे. अंधेरीच्या एका शाळेत मी नुकताच मास्तर म्हणून लागलो होतो. फाल्गुन लागायच्या आधी एका रविवारी सकाळी आमच्या वाडीतले एक काका खोलीवर आले. ते मुलुंडला कारखान्यात होते आणि गावाहून आदल्याच दिवशी परतले होते. चपला काढायच्या आधीच म्हणाले, "दादा पडला."

"कुठं? कसा?"

"फणसावरनं. उजवा हात मनगटात मोडला. गळ्यात बांधून फिरतोय. जिवाला काय नाय. पण शिमग्यात वाजवणं नाय."

मी हुश्श केले, तसे ते म्हणाले, "कळलं नाय तुला? पयली थाप तू मारायचीस."

"मी? काका, मला येत नाही."

"मग कोण मारील? तुझा हेडमास्तर?"

आमच्या खालच्या घरच्या भाऊबंदांचा मुलगा छान वाजवत होता. गावकऱ्यांनी दादाला सांगितले होते, तुमच्या घरचा कुणी उभा राहिला तर मान तुमचा, नाहीतर यंदापासून त्यांचा. त्यावर दादा इतकेच बोलला होता, "माझा भाऊ येईल."

आणि ह्याच दादाने मला मृदंगाला कधी हात लावू दिला नव्हता. लहानपणी एकदा मी त्यावर बोटे मारली, तेव्हा त्याने माझा हात धरून बाजूला केला होता. "हे लिवायचे हात हायत," म्हणाला होता. खेळे अंगणात आले की सगळी मुले पुढे धावत आणि मी ओटीवर पुस्तक घेऊन बसे. आवाज कानावर पडे, पण मी पाढे पाठ करत असे.

काका गेले आणि मला खोलीत बसवेना. वर्गातही बसवेना. मुलांना कविता समजावून सांगताना बोटे टेबलावर आपोआप वाजू लागत आणि पुढच्या बाकावरची मुले खुसखुसत. पुढचा रविवार उजाडताच, वेसाव्याला कुणी शिकवणारा भेटेल म्हणून, मी माझ्या खोलीतल्या सोबत्याची सायकल मागून घेतली. तो रेल्वेच्या ऑफिसात कारकून होता, गिरगावचा, जिभेचा तिखट.

"ने रे बाबा. पण मृदंग शिकायला वेसाव्याला कशाला जातोस? तिथं तुला मासे शिकवतील."

त्याचे खरे निघाले. वेसाव्याच्या कोळीवाड्यात होळीची तयारी जोरात होती. होळीसाठी आणलेले लांबलचक खोड वाळूत आडवे पडले होते, बाया त्याच्याभोवती गाणी घोळवत बसल्या होत्या. वाजवणारे होते, पण त्यांचा ठेका वेगळा, वाद्ये वेगळी. एक म्हातारी मला म्हणाली, "मास्तर, नाचायचं असेल तं ये. आमच्याकडं पोथी वाचून कोन वाजवीत नाय." सगळ्या हसल्या. मीही हसलो आणि सायकल वळवली.

तिथून बोरिवलीला. रस्त्याच्या दोन्ही अंगांना अजून शेते होती, डोंगराकडे पळस पेटला होता, आणि प्रत्येक गावठाणात कसली ना कसली तालीम चालू होती. बोरिवलीच्या एका देवळापुढे जत्रेच्या नाटकासाठी मांडव घालत होते. तिथे ढोलकी होती, पेटी होती, राजाचा मुकुट उन्हात वाळत घातला होता. मृदंग नव्हता. मला वाटले, ह्या सबंध मुलखात प्रत्येकाला आपापल्या देवापुढे काय करायचे ते ठाऊक आहे आणि मी एकटाच सायकलवरून विचारत फिरतो आहे.

शेवटी काकांनीच पत्ता लावला. घाटकोपरला पिठाच्या गिरणीत एक बुवा होते, लांज्याकडचे. त्यांच्या गावच्या मंडळींची नमनाची तालीम चाळीमागच्या मोकळ्या जागेत दर संध्याकाळी चाले. शाळा सुटली की मी अंधेरीहून मरोळ, साकीनाका, असल्फा असा सायकल मारत जाई. बुवा धिप्पाड, मिशाळ, स्वतःवर भलतेच खूश. भुवयांवर पीठ तसेच घेऊन बसत.

"हात दाखवा," म्हणाले. मी दाखवले. "हे हात हायत का पानाचे विडे? मारा!"

मी थाप मारली.

"माशी बसली का काय?"

त्यांनी डाव्या पुडीवर, म्हणजे डाव्या तोंडाच्या कातड्यावर, कणीक कशी लावायची ते दाखवले, पाण्याचा हात कसा फिरवायचा ते दाखवले. ते तोंडाने बोल म्हणत आणि मी वाजवत असे. माझे चुकले की ते डोळे मिटून मान हलवत, जणू त्यांच्याच घरात कुणी गेले आहे. पण हळूहळू तळहात जाड झाले. खोलीवर मी ट्रंकेवर सराव करू लागलो.

"वाट लागली!" सोबती ओरडे. "ट्रंकेत माझे शर्ट आहेत, देवी नाही!"

रजेसाठी हेडमास्तरांकडे गेलो. ते नियमाचे पक्के.

"शिमग्याची रजा? वार्षिक परीक्षा तोंडावर आल्या आहेत. हे कोणत्या नियमात बसवू मी?"

"सर, घरातला मान जातो."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला वाटले, आता व्याख्यान. पण ते म्हणाले, "आमच्याकडे घाटावर पोळ्याला पहिला बैल कुणाचा, ह्यावरून माझ्या आजोबांचे दात पडले होते. चार दिवस जा. सातवीच्या सहामाहीचे निबंध अजून तपासले नाहीत तुम्ही, ते बरोबर न्या." निबंधांच्या गठ्ठ्यासकट रजा मिळाली. आगबोटीचे तिकीट काढले. त्या संध्याकाळी साकीनाक्याचा चढ मी न उतरता चढलो.

निघायला आठवडा उरला असेल. त्या दिवशी तालमीला मुलुंडचे काका मुद्दाम आले. बुवांनी मला मध्ये उभे केले. "ऐका तुमच्या मास्तरला." मी गळ्यात मृदंग अडकवला आणि सुरुवातीचा सबंध तुकडा न अडखळता वाजवला. थाप खणखणीत पडली. मंडळी "व्वा" म्हणाली. बुवांनी मिशीवरून हात फिरवला.

काकांनी मात्र मान हलवली.

"काय झालं, काका?"

"हे आपलं नाय," ते हळू आवाजात म्हणाले.

"म्हणजे?"

"हे त्यांच्या गावचं. त्यांच्या देवीला हाक आहे ही. आपल्या पालखीपुढं हे वाजवलंस तर खालच्या घरची माणसं हसतील नुसती. आणि म्हातारी माणसं उठून जातील."

बुवा तापले. "बोल तो बोल! मृदंगाला काय गाव असतो?"

"असतो, बुवा," काका म्हणाले. "तुमच्या होळीला मी आमचं वाजवलं तर चालेल तुम्हाला?"

बुवांनी भुवयांवरचे पीठ पुसले. मग खाली बघत म्हणाले, "नाय. हातपाय मोडीन."

मला तेव्हा सगळे लख्ख कळले. नमनाची सुरुवात म्हणजे नुसता ताल नव्हे, आपल्याच देवीला आपल्या शब्दांत घातलेली साद. ज्याच्या अंगणात ती साद वाढली त्याला हे सांगावे लागत नाही. मी मात्र शाळेत शिकल्यासारखा, जो शिकवील त्याच्याकडून शिकायला निघालो होतो, मृदंग म्हणजे मृदंग असे समजून. मी काकांना विचारले, "मग आपलं कसं आहे? तुम्ही म्हणा, मी वाजवतो."

ते बराच वेळ ओठ हलवत राहिले. "कानाला कळतं रे. तोंडाला येत नाय. ते तुमच्याच घरात."

बुवांनी हात धुतले आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "मास्तर, हात मी बांधून दिलाय तुमचा. ह्या हाताला आता काय पण सांगा, तो ऐकेल. पण सांगायला माणूस तुमचा पायजे." इतके बोलून ते दुसऱ्या पोरावर ओरडायला गेले.

परतताना मी सायकल हातात धरून चाललो. असल्फ्याच्या बाजूला कुठल्याशा वस्तीतली माणसे होळीसाठी लाकडे ओढून नेत होती, मध्येच थांबून गात होती. मी आमचा तुकडा आठवायचा प्रयत्न केला. कानात पाढे येत होते. सत्तावीसचा पाढा आणि त्याच्यामागे, खूप मागे, दादाचा मृदंग. पुढे सरकावे तर पाढाच मोठा होई.

खोलीवर आलो. जेवलो नाही. सोबत्याने एकदा विचारले, "काय रे, कुणी मारलं?" आणि माझे ताट झाकून ठेवले. मी कागद ओढला. एरवी मी दादाला शाळेत शिकवतात तसे 'तीर्थरूप' लिहून पत्र सुरू करी आणि अहो-जाहो करी. त्या दिवशी ते जमले नाही. ठळक, मोठ्या अक्षरांत लिहिले, कारण तो अक्षर लावून लावून वाचतो आणि दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावे असे हे पत्र नव्हते. ते असे :

*दादा,*

*तुला माझा नमस्कार. वहिनीलाही नमस्कार, मुलांना आशीर्वाद.*

*मी येतो आहे. रजा मिळाली, तिकीट काढले. होळीच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत घरी पोचेन.*

*इथे घाटकोपरच्या एका बुवांकडून मी हात तयार केला. थाप नीट पडते. पण जो तुकडा शिकलो तो त्यांच्या गावचा आहे, आपला नाही. काकांनी वेळेवर सांगितले. आपला तुकडा मला येत नाही. खूप आठवून पाहिला. तू मला वाजवू दिले नाहीस आणि मी कधी हट्टही केला नाही, म्हणून हे झाले. त्याचे मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्यामुळे माझे जे झाले ते चांगलेच झाले.*

*एका दुपारीत मला सगळा तुकडा येणार नाही. म्हणून असे करू. मृदंग माझ्या गळ्यात राहील. तू माझ्या शेजारी उभा राहा, हात गळ्यात बांधलेला असला तरी चालेल, आणि बोल तोंडाने म्हण. मोठ्याने म्हण, सगळ्यांना ऐकू जाऊ दे. तू म्हणशील ते मी वाजवीन. गावकऱ्यांनी घरचा माणूस मागितला आहे, आपण दोघे उभे राहू. कुणी हरकत घेतली तर मी बोलेन, तू बोलू नकोस. तेवढे मला शाळेत शिकवले आहे.*

*मृदंगाची डावी पुडी सैल झाली असेल तर आत्ताच ओढून घे, तुला एका हाताने जमणार नाही, वहिनीची मदत घे.*

*मला भीती वाटते आहे. ती तुझ्याजवळ कबूल करतो, दुसऱ्या कुणाजवळ नाही.*

*तुझा भाऊ*