प्लॉट नंबर सतरा, तलावाच्या पोटात

तीस वर्षं मी विद्यार्थ्यांना नगररचना शिकवली. गाव आतल्या आत भरा, शेतात पसरू देऊ नका, माणसाला सगळं पायी मिळालं पाहिजे, असं घसा फोडून सांगितलं. आणि निवृत्त झाल्यावर निघालो कुठे, तर पवनीजवळ, गावाबाहेरच्या लेआउटमध्ये प्लॉट घ्यायला! पुण्याच्या फ्लॅटला विटलो होतो, दुसरं काय. बायको सुमन एवढंच म्हणाली, "भाजी कुठे मिळते, ते आधी बघून या." मी सहीसाठी खास नवं पेन घेतलं.

पवनीला बसमधून उतरताना चपलेचा अंगठा तुटला. एजंटचा फोन आला, दोन तास उशीर होईल. पाय ओढत एका गल्लीत शिरलो. पहिल्याच वळणावर चांभार भेटला. त्याच्या समोर चहा, चहाच्या बाजूला शाळा, आणि शाळेला लागून एका घराच्या पुढच्या खोलीत माग खटखटत होता. मागावर यादवराव नावाचे म्हातारे विणकर बसले होते. मला त्यांनी ओसरीवर बसवलं आणि कशासाठी आलो ते विचारून घेतलं.

"प्लाट कायले पायजे जी? हे काय वाईट आहे?" ते म्हणाले.

"मोकळी हवा नाही हो इथे," मी म्हणालो.

"हवा खाऊन राह्यणार का?" म्हातारा हसला, आणि धोट्याकडे वळला. मला राग आला, कारण हे वाक्य माझ्या व्याख्यानात हवं होतं.

एजंट जीप घेऊन आला. आसगावच्या रस्त्याने बराच वेळ गेल्यावर एका तलावाच्या काठाशी थांबलो. हा मामा तलाव (जुन्या मालगुजारांनी बांधलेला). माहितीपत्रकात छापलं होतं : शाळा, बाजार, दवाखाना, सारं पायी पाच मिनिटांवर.

"कुठे आहे?" मी विचारलं.

"होऊन राहिलं, सर. तुमची पहिली सही झाली का उद्याच रस्त्याचा मुरूम टाकतो. गिऱ्हाइकासाठीच थांबलो."

माझा सतरा नंबरचा दगड शोधता शोधता काठाशी पोचलो. दगड पाण्यात अर्धा बुडालेला, आणि त्याला चक्क डोंगा (लाकडी होडी) बांधलेला! डोंग्यात सरजूबाई नावाची ढिवरीण (मासेमारी करणाऱ्या समाजातली बाई) शिंगाडे निवडत होती.

"दगड मे महिन्यात रोवले जी यायनं," ती एजंटकडे बोट दाखवून म्हणाली. "तवा तलाव आटला होता. आमी सांगतलं, आयकलं नाही."

"थोडा भराव टाकू, सर," एजंट घाईने म्हणाला.

"टाका ना! मुरूम पडला का नाला बुजते. मंग तलावात पाणी येईल कुठून? शिंगाडा गेला, मासोळी गेली. आमी काय खाऊ, साहेब?"

मी खिशातल्या पेनावर हात ठेवून उभा राहिलो. लाज वाटली, अगदी कानशिलं तापेपर्यंत. सही करणार नाही, असं एजंटला सांगितलं. तो म्हणाला, "दुसरा करेल, सर." तेही खरंच होतं.

निघताना सरजूबाईने उकडलेले शिंगाडे ओंजळभर दिले. "घ्या, तुमच्याच प्लाटातले आहेत."

परत यादवरावांच्या ओसरीवर बसलो आणि त्याच नव्या पेनाने हरकतीचा अर्ज लिहिला : तलावाचं बुडीत क्षेत्र, बुजणारा नाला, पुन्हा मोजणी. तीस वर्षांचं व्याख्यान दीड पानात मावलं. यादवरावांना माझा फोन नंबर दिला, तहसीलच्या कचेरीत अर्ज देऊन पोच घेतली आणि गाडी पकडली.

घरी सुमनने शिंगाडा सोलत विचारलं, "मग आपण राहायचं कुठे?"

"इथेच," मी म्हणालो.

"मग भाजी आणा," म्हणून तिने पिशवी हातात कोंबली.

चार दिवसांनी असाच मंडईत उभा होतो. पायी पाच मिनिटं, घड्याळ लावून पाहिलं होतं. यादवरावांचा फोन आला. मोजणी होईपर्यंत तहसीलने मुरूम थांबवला होता.

"सरजूबाईनं निरोप देला जी," ते म्हणाले. "पावसाळ्यात येजा म्हणते. डोंगा तयार आहे, तुमच्या घरात नेऊन सोडते."