नऊ नंबरच्या दाराबाहेरचा प्लग

फळांच्या त्या शीतगृहात चौदा खोल्या होत्या आणि बावीस वर्षं त्यांचं तापमान एकाच माणसाने पाहिलं. दिवसातून चार फेऱ्या. थर्मामीटर बघायचा, दारावरच्या पाटीवर खडूने आकडा लिहायचा, की पुढची खोली. वाट फळं निवडणाऱ्या बायकांच्या हॉलमधून जायची. "या थंडीमामा, जरा गार हवा सोडा इकडे," असं कुणीतरी म्हणायचंच. घरी मामा म्हणजे एकटा जीव सदाशिव. दिवसभराचं बोलणं काय ते या फेऱ्यांतच व्हायचं.

मग एक इंजिनिअर मुलगी आली. तिने प्रत्येक खोलीत काडेपेटीएवढी डबी लावली, काही दारांबाहेरच्या प्लगांत जरा मोठ्या डब्या खोचल्या आणि मामांच्या केबिनमध्ये मुख्य डबा ठेवला.

"हा कारभारी," ती म्हणाली. "जाळं हाच उभं करतो, कुणाला आत घ्यायचं तेही हाच ठरवतो. खोलीतल्या डब्या बॅटरीवरच्या, म्हणून झोपून असतात. दहा मिनिटांनी उठतात, आकडा सांगतात, परत झोपतात. जाड भिंतींमुळे त्यांचा निरोप इथवर येत नाही. तो दाराबाहेरच्या डब्या पोचवतात. त्यांना झोप नाही, त्यांची वीज तोडायची नाही."

"झोपणाऱ्या एकमेकींशी बोलत नाहीत?"

"नाही. गरजच नाही."

"आणि मी?"

"तुम्ही बसायचं, मामा. या स्क्रीनवर लाल दिसलं तरच उठायचं."

आठ महिने लाल दिसलं नाही. मामा जेवणाचा डबा घेऊन यायचे, केबिनमध्येच जेवायचे, मागच्या दाराने घरी जायचे. कधीकधी आपलाच घसा खाकरल्याचा आवाज ऐकून ते दचकत.

एका सकाळी तीन खोल्या एकदम लाल झाल्या. मामा थर्मामीटर घेऊन धावले. खोल्या गारच होत्या, पण तिन्हींचे निरोप पोचवणारी नऊ नंबरच्या दाराबाहेरची डबी जमिनीवर पडलेली आणि तिच्या प्लगात कुणाचातरी मोबाईल. शेजारी निवडणाऱ्यांतली थोरली मावशी, चेहरा उतरलेला.

"मीच काढली, मामा. लेकीचा फोन यायचा होता." मग त्यांच्याकडे नीट बघत म्हणाली, "अगंबाई, तुम्ही आहात अजून? आम्हाला वाटलं, रिटायर झालात."

आठ महिने मामा तिथून चाळीस पावलांवर बसले होते. त्यांनी डबी लावली. साहेबांना सांगितलं, "प्लग सैल होता."

"उद्यापासून फोन माझ्याकडे चार्जिंगला ठेवा," मामा मावशीला म्हणाले.

ती रोज फोन ठेवून जायची. वाजला की मामा तो घेऊन हॉलमध्ये लगबगीने जायचे, बायका हसायच्या. तीन महिने हे चाललं. हंगाम संपला आणि मावशी लेकीकडे राहायला गेली. बाकीच्याही पांगल्या.

नव्या हंगामाच्या पहिल्या सोमवारी मामा थर्मामीटर घेऊन उठले. कुणी सांगितलं नव्हतं. नऊ नंबरपर्यंतचे सगळे आकडे स्क्रीनवर होते तेच निघाले. हॉलमध्ये सगळे चेहरे नवे.

"काका, कोण हवंय?" एकीने विचारलं.

"कुणी नाही. तापमान बघतोय," मामा म्हणाले आणि दहा नंबरच्या खोलीकडे वळले.