गौराची ओटी

मामांचा फोन आला तेव्हा मी नांदेडला, शाळेला निघायच्या घाईत होते. "बाई, तुझी मामी गेली," एवढंच ते म्हणाले. देवणीजवळच्या त्यांच्या शेतात आम्ही लिंगायत रिवाजानं तिला माती दिली. त्याला आता महिना होत आला. मामीविषयी लिहायचं तर आधी घोडीविषयी लिहावं लागतं. तिला त्याचं वाईट वाटणार नाही.

मामांचं उदगीरला भुसाराचं दुकान. मी कॉलेजात असताना ते माळेगावच्या यात्रेत बैल बघायला गेले आणि घोडी घेऊन आले. साधीसुधी नव्हे, शर्यतीची अस्सल थरोब्रेड. पुण्या-मुंबईच्या मैदानांवर पळालेली, दोनदा पहिली आलेली. पुढं पायाची शीर दुखावली आणि मालकानं तिला पैदाशीला ठेवली. दोन हंगाम नामांकित घोडे दाखवूनही ती गाभण राहिली नाही, तेव्हा विकून टाकली. सोबत वंशावळीचा कागद होता. मामा तो दुकानात ऐटीत वाचून दाखवायचे. गिऱ्हाइकं म्हणायची, "शेठ, आमाला पणज्याचं नाव म्हाईत न्हाई, अन् तुमच्या घोडीच्या सात पिढ्या पाठ."

घोडी पोचवायला आलेला व्यापारी अंगणात सहज बोलून गेला, "वांझ हाय, मालक. वरातीला तेवढी चालंल." मामी चहा घेऊन दारात उभी होती. लग्नाला इतकी वर्षं होऊन तिची कूस उजवली नव्हती. तिनं कप त्याच्यापुढं ठेवला. "चहा घ्या. पर त्यो शब्द माझ्या दारात पुन्हा काढू नका." त्या दिवसापासून घोडी मामांची राहिली नाही. मामीनं तिचं नाव गौरा ठेवलं आणि तिच्याशी आपल्या माहेरच्या कन्नडात बोलू लागली. "बा अव्वा, बा," म्हणजे ये बाई, ये, असं म्हटलं की ती उंच घोडी मान खाली घालून जवळ यायची.

गौरा देवणी गाईंबरोबर रानात मोकळी चरायची. दुसऱ्या वर्षी शेजारच्या गावच्या देशी घोड्यापासून ती गाभण राहिली. मामा हिरमुसले, कारण असलं शिंगरू शर्यतीत कोण उभं करणार? मामीला मात्र आकाश ठेंगणं झालं. तेवढ्यात पिठाच्या गिरणीत एक बाई बोललीच, "घोडीला सुदिक दिस गेलं, हिलाच काय न्हाई."

आमच्याकडं मूल नसलेल्या बाईला गरोदर बाईची ओटी भरू देत नाहीत. अशा कार्यात मामी मागं स्वयंपाकघरात पुऱ्या लाटत बसायची. तिच्या त्या सोसण्याचा मला राग यायचा, अजूनही येतो. त्या वर्षी मात्र तिनं गौराच्या पाठीवर हिरवं लुगडं घातलं, कपाळाला हळदकुंकू लावलं आणि तांदूळ, नारळ, खण घेऊन तिची ओटी भरली. आयुष्यातली तिनं भरलेली पहिली ओटी. गिरणीतल्या बाईलाही आग्रहानं बोलावलं होतं. ती आली, पोटभर जेवली, मान वर न करता गेली. शिंगरू धडधाकट निघालं.

पुढं माझे दिवस भरत आले. पहिली ओटी मामीच भरेल, असं मी सांगून टाकलं. घरात कुजबुज सुरू झाली. मामी तर स्वयंपाकघरातून बाहेरच येईना. "घोडीचं येगळं हाय, बाई. उद्या काय कमीजास्त झालं तर मी कुठं तोंड लपवू?" मी पाट उचलला, आत नेला आणि तिच्यापुढं बसले. ती हात धुवायलाही उठू शकली नाही. तशाच हातांनी तिनं ओटी भरली आणि खणावर पिठाची बोटं उमटली. तो खण मी शिवला नाही, धुतलाही नाही. मला मुलगी झाली.

गौरा जाऊन बरीच वर्षं झाली. आता मामीही... सवाष्ण गेली की माती द्यायच्या आधी तिची ओटी भरतात. त्या दिवशी शेतात, पोटी लेक नसलेल्या मामीची ओटी कोण भरणार म्हणून बायका एकमेकींकडं बघत उभ्या होत्या. तेव्हा माझी लेक तांदळाचं ताट घेऊन पुढं झाली. "पोरीचं लगीन न्हाई झालं अजून," कुणीतरी हळूच म्हणालं.

मामा मघापासून खाली बघत बसले होते. त्यांनी मान वर केली.

"भरू द्या तिला. तिचाच हक हाय."