बावीस डावे खांदे

हार्टलने तीस वर्षं गाड्यांचे पोचे काढले. कागदोपत्री नाव लिओनहार्ड त्साप्फ, पण हाझलबाख गावात त्याला लिओनहार्ड म्हणणारा एकटा पाद्रीच. धडकून चेपलेला दरवाजा समोर आला की तो आधी डोळे मिटून त्यावर हात फिरवायचा. पत्रा कुठे ताणलाय, कुठे आखडलाय हे त्याची बोटं सांगायची. बायको ट्राउडल म्हणायची, "माझ्या पाठीवर कधी इतका मायेनं हात फिरवला नाहीस." त्यावर तो म्हणायचा, "तुला कुठे पोचा आलाय?"

असा माणूस चिलखताकडे वळला तो मित्रासाठी.

हाझलबाखमध्ये दर चार वर्षांनी उन्हाळ्यात जुन्या काळातल्या उमरावाची स्वारी निघते. गावातले पुरुष आदल्या शरदापासूनच केस-दाढी वाढवतात, त्यामुळे तो हिवाळाभर बँकेतला कारकूनसुद्धा दरोडेखोरासारखा दिसतो. स्वारीच्या पुढे घोड्यावर सरदार असतो. बारा वर्षांपूर्वी तो मान फाइट आंगररला मिळाला. फाइट म्हणजे उत्सव मंडळाचा अध्यक्ष, लाकडाच्या वखारीचा मालक आणि हार्टलचा शाळेपासूनचा दोस्त. तोवर सरदार रंगवलेल्या पातळ पत्र्यात मिरवायचा. हार्टल म्हणाला, "तुझ्यासाठी मी खरं करतो."

आणि त्याने खरंच खरं केलं. दोन हिवाळे लागले. जुन्या चित्रांवरून पुठ्ठ्याचे साचे कापले, फाइटच्या अंगावर बांधून पाहिले, पुन्हा कापले. मग पोलाद लालभडक तापवून ओंडक्याच्या खळग्यात ठोकायचं, ऐरणीवर वळवायचं, पुन्हा तापवायचं. छातीच्या पत्र्यावर शिंपल्यासारख्या उभ्या कडा काढल्या, त्या नुसत्या हातोडीने. कोपराचा पत्रा दंडाच्या पत्र्याखाली आवाज न करता सरकायला हवा म्हणून तो एकेक रिव्हेट चार-चार वेळा काढून बसवायचा. ट्राउडल जेवायला हाका मारून थकायची. बटाट्याचे गोळे थंड होऊन दगड व्हायचे. "हेही ठोकून घे," ती म्हणायची.

पण या चिलखतातलं खरं कसब बाहेरून दिसतच नव्हतं. ते डाव्या खांद्यात होतं.

फाइटचा डावा खांदा उजव्यापेक्षा तीन बोटं खाली होता. एकोणिसाव्या वर्षी दोघं मोटारसायकलवरून गिरणीच्या वळणावर घसरले, तेव्हा गाडी हार्टल चालवत होता आणि तो बिअर प्यायलेला होता. फाइटचं गळ्याजवळचं हाड मोडलं आणि वाकडं जुळलं. हार्टलची शिकाऊ नोकरी जाऊ नये म्हणून फाइटने सगळ्यांना सांगितलं, गवताच्या माळ्यावरून शिडी सटकली. तो विषय दोघांनी पुन्हा काढला नाही. फाइटचे कोट मात्र शिंपी आतून भर घालून शिवायचा आणि फोटोत तो नेहमी डाव्या बाजूला कुणाला तरी उभं करायचा.

म्हणून हार्टलने डाव्या खांद्याचे पत्रे उजव्यापेक्षा तीन बोटं उंच घडवले आणि आतली पोकळी भरायला ट्राउडलकडून जाड लोकरीची उशी शिवून घेतली. ट्राउडलने उशी कुणासाठी ते विचारलं नाही. तिला माप पाहूनच कळलं. चिलखत अंगावर चढलं की फाइट सरळ दिसायचा. पहिल्यांदा आरशात पाहिलं तेव्हा तो एकदा पुढून, एकदा बाजूने वळला. मग म्हणाला, "हार्टल, तू मला परत उभा केलास."

तेव्हापासून प्रत्येक स्वारीच्या सकाळी सात वाजता हार्टल त्याच्या घरी जायचा. एकट्या माणसाला चिलखत चढवता येत नाही, पट्टे मागून आवळावे लागतात. दार लावून, उशी बसवून, हार्टलच त्याला चढवायचा. दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही.

गेल्या शरदात फाइट म्हणाला, "साचे दे ना दोन आठवडे. मंडळाच्या काचेच्या कपाटात मांडतो. तुझं काम लोकांनी बघायला नको?" हार्टल सुखावला. साचे परत आले तेव्हा सगळ्या कडांना निळ्या पेनाची रेघ लागलेली होती. कुणाच्या पोरांनी खेळ केला असेल, असं म्हणून त्याने ते खिळ्याला अडकवले.

मे महिन्यात बुर्गीच्या खानावळीच्या अंगणात स्वारीची तालीम होती. बुर्गी ऐंशीच्या पुढची, पण अजून गल्ल्यावर तीच बसते. हार्टल आपल्या नेहमीच्या टेबलाशी बिअर घेऊन बसला होता. एवढ्यात फाटकातून मंडळाचे बावीस तरुण आत आले, बावीसही चकचकीत चिलखतात. छातीवर त्याच शिंपल्याच्या कडा, पण यंत्राने दाबलेल्या, कोपऱ्यात मऊ पडलेल्या. आणि बावीसही जणांचा डावा खांदा कानापर्यंत चढलेला.

एकीच्या मापाचं पोलकं साऱ्या गल्लीने घालावं, तसं ते दिसत होतं.

"काय रे," खाटीक शोर्श ओरडला, "सगळ्यांच्या डाव्या कानाला एकदमच खाज सुटली का?"

टेबलं हसली. एक पोरगा मान चोळत म्हणाला, "घासतंय हो. माप कुणाचं घेतलंय हे?"

फाइट बिअरचा मग हातात घेऊन उभा होता. त्याने हार्टलकडे पाहिलं नाही. "साचे हार्टलचेच आहेत," तो म्हणाला. "बाहेर एका कारखान्यात दाबून घेतले. हातचं काम म्हटलं की इकडे-तिकडे व्हायचंच. नजरही आता पूर्वीची राहिली नाही त्याची."

शोर्शने हार्टलच्या पाठीवर थाप मारली. "म्हणजे माझ्या गाडीचा दरवाजाही वाकडा बसवलायस की काय? तरीच वारा येतो."

हार्टल हसला. न हसला असता तर बोलावं लागलं असतं. एका वाक्यात सगळं उलटलं असतं, पण ते वाक्य चाळीसहून अधिक वर्षं दोघांचं होतं, आणि त्यातला अर्धा गुन्हा त्याचा होता. तो थांबला, फाइट काही म्हणेल म्हणून. फाइटने बुर्गीला आणखी एक बिअर सांगितली.

दुसऱ्या दिवशी फाइट हार्टलच्या कारखान्यात आला. दारातच उभा राहिला.

"चारचौघांत दोन शब्द ऐकलेस तर काय बिघडलं? तुझं काम लोक जाणतात."

"मग त्याच कामावर का ढकललंस?"

"मग काय सांगू? की मी वाकडा आहे?"

हार्टलने हातातली कानस खाली ठेवली. "साचे का नेलेस ते सांग."

"पोरांना यंदाच हवं होतं. तू एकेकाला दोन हिवाळे लावणार."

"मला विचारायचं होतंस."

"तू नाही म्हणाला असतास."

"हो."

"म्हणूनच," फाइट म्हणाला, आणि त्याला ते इतकं सरळ वाटलं की तो जरा हसलाही. जाताना म्हणाला, "रविवारी स्वारी. सातला येतोयस ना?"

हार्टलने कानस उचलली.

शनिवारी ट्राउडलने ती लोकरीची उशी उन्हातून आत आणली. दर स्वारीच्या आधी ती उशी धुऊन वाळवायची. हार्टलने ती वर्तमानपत्रात गुंडाळली आणि फाइटच्या दाराच्या कडीला अडकवून आला. घंटी वाजवली नाही.

रविवारी सकाळी तो स्वयंपाकघरात मुळा कापत बसला. पातळ, न तुटणारं वेटोळं, असं की धरलं तर लोंबावं. सात वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला.

"उचलू?" ट्राउडलने विचारलं.

"नको."

फोन थांबला, पुन्हा वाजला. ट्राउडलने मुळ्यावर मीठ भुरभुरवलं. "पाणी सुटू दे," ती म्हणाली. ती मुळ्याबद्दलच बोलत होती, तरी त्याने मान फिरवली. चाळीस वर्षं ज्याचं गुपित राखलं, त्या फाइटनेच पाठ दाखवली होती, आणि आपण इथे मुळा कापतोय.

स्वारी मात्र तो पाहायला गेला. बुर्गीच्या भिंतीशी, तिच्या बाकाशेजारी उभा राहिला. ढोल आले, बावीस चढलेले खांदे आले, आणि त्यांच्या पुढे घोड्यावर फाइट. चिलखत नव्हतं. लाल बनातीचा साधा अंगरखा होता आणि त्यात डावा खांदा उघडा पडल्यासारखा खाली लोंबत होता. उशीचा निरोप मिळाला होता, पण दुसऱ्या कुणाला आत बोलावून पट्टे आवळून घ्यायचं धाडस त्याला झालं नव्हतं.

हार्टलने गर्दीकडे पाहिलं. आता लोक कुजबुजतील. तो वाट पाहत राहिला. लोक टाळ्या वाजवत होते.

"दिसतंय का?" त्याने शेवटी बुर्गीला विचारलं.

"काय?"

"फाइटचा खांदा."

"त्यात काय बघायचं? तुम्ही दोघं गिरणीपाशी आपटलात तेव्हापासून तो तसाच आहे."

"शिडीवरून..."

"शिडीला दिवा असतो का रे? तुमची ती फटफटी आमच्याच अंगणात आणून लपवली होतीत. फुटलेल्या दिव्याच्या काचा मी झाडल्या." तिने ब्रेडचा तुकडा मोडला. "सगळ्यांना माहीत आहे. पोराला लाज वाटते म्हणून कुणी काढत नाही, एवढंच."

हार्टलला हसू आलं, रडूही आलं. "मग साच्यांचं?" त्याने विचारलं. "ते तरी कळलं असेल लोकांना."

बुर्गीने त्याच्याकडे नीट पाहिलं. तिला खोटं बोलायची सवय नव्हती. "ते कुठून कळणार? बावीस पोरांच्या चिलखतात त्याचा खांदा कोण शोधतो? तुझी नजर गेली, असंच म्हणतात. फाइटनेच सांगितलं ना."

घोडा भिंतीशी आला. फाइटने हार्टलला पाहिलं आणि डावा हात उचलला. तो खांद्याच्या वर जात नाही, तिथवरच गेला. हार्टलचे दोन्ही हात खिशात होते. ते तिथेच राहिले.

दुपारी तो आपल्या कारखान्यात गेला. खिळ्यावरून डाव्या खांद्याचा पुठ्ठा काढला. बाकी प्रत्येक साच्यावर त्याने नाव, माप, तारीख लिहिली होती. हा एकच बारा वर्षं कोरा ठेवला होता. त्याने सुताराची जाड पेन्सिल घेतली आणि निळ्या रेघेच्या आत, सावकाश, ठसठशीत अक्षरांत लिहिलं: फाइट आंगरर. डावा. तीन बोटं.

मग पुठ्ठा परत खिळ्याला लावला, अक्षरं दाराकडे करून.