कुवेतच्या जुन्या दाराला कुंकू

जावई म्हणाले, "आई, कुवेतमध्ये बघण्यासारखं काही नाही. वाळू आणि दुकानं." झालं, तेव्हाच मी ठरवलं की बघायचं.

ही गोष्ट ऐंशी सालानंतरची. नक्की साल विचारू नका. माझी लेक शैला तिकडे इस्पितळात नर्स, जावई एसीच्या कामात. शहराबाहेर फिंतासला समुद्राजवळ राहायची. मी रत्नागिरीहून गेले तिच्या बाळंतपणाला. जिच्यासाठी गेले तीच नात आता हा ब्लॉग चालवते. ती म्हणते, आजी, तू बोलतेस तसंच लिही. मी चौथीपर्यंत शिकलेली. काना-मात्रा चुकला तर तिने सांभाळायचं.

तर बारसं झालं. तिकडची मराठी मंडळी सगळी आली, डॉक्टरांच्या बायका, नर्सबाया, कुणी पुण्याची, कुणी लातूरची. मी पहाटेपासून घुगऱ्या केल्या, पाळणा सजवला. मग एक बाई कुयरी घेऊन हळदकुंकू लावत आली. माझ्यापाशी आली आणि वाटेतला खांब चुकवावा तशी मला चुकवून पलीकडच्या बाईला लावलं. माझे मालक जाऊन दहा-अकरा वर्षं झाली होती. गावात सवय होती हो या सगळ्याची. पण विमानात बसून समुद्र ओलांडला तरी हे आधीच तिथे पोचलेलं बघून माझं डोकं फिरलं.

खालच्या मजल्यावर झुबेदा राहायची. आमच्याच खाडीपलीकडची, तिच्या नवऱ्याचं किराणा दुकान. ती म्हणाली, "मावशी, शहरात समुद्राकाठी एक जुनं घर आहे, सरकारने जपून ठेवलंय. सगळं पाडलं, ते नाही पाडलं. दार सागवानी आहे, आपल्या हिंदुस्थानातनं आलेलं."

आता मला कोण थांबवणार. माझे वडील सुतार. बंदरावर अरबांची गलबतं लागायची, त्यांच्यासाठी बाबा चौकटी आणि दारं करून द्यायचे. आमच्याकडे चौकट उभी केली की घरच्या सवाष्णीने तिला हळदकुंकू लावायचं, त्याशिवाय सुतार पुढचं काम करत नाही. पण गलबतावर चढणाऱ्या चौकटीला कोण लावणार? बाबा जेवताना म्हणायचे, "माझी दारं तशीच गेली, कोरी." त्या दारांतलं हे एखादं असेलच असं नाही. पण नसेलच असंही कोणी सांगावं? शैलाच्या देव्हाऱ्यातली कुंकवाची पुडी मी पिशवीत टाकली.

शैला म्हणाली, "आई, तुला भाषा येत नाही, कुठे हरवलीस तर?"

"झुबेदा आहे. आणि हरवले तर तुझ्याच गावात हरवेन ना."

बसने गेलो. सरळ रस्ता, डाव्या हाताला इमारती, उजव्या हाताला मध्येच समुद्र. तिकिटाला किरकोळ फिल्स, म्हणजे तिकडची चिल्लर, लागायची, टॅक्सीवाला दिनारात बोलायचा, म्हणून बसच बरी. जाणार असाल तर थंडीत जा, उन्हाळ्यात चपलेचा तळ चिकटतो. उतरल्यावर इराण्याच्या भट्टीतला गरम खबूस घेतला, म्हणजे आपल्या भाकरीची फुगीर मावशी. आणि तिकडच्याच वफ्रा नावाच्या शेतीच्या भागातले टोमॅटो. मीठ झुबेदाच्या पर्समध्ये होतं. तिच्या पर्समध्ये काय नव्हतं ते विचारा.

घर बाहेरून बघाल तर निराश व्हाल. मातकट गिलाव्याची लांब भिंत, रस्त्याकडे धड खिडकी नाही. छपराखालून लाकडी पन्हळी बाहेर आलेल्या, वर्षातून कधीतरी पडणाऱ्या पावसासाठी. आणि मध्ये ते दार. माझ्या दीडपट उंच, लोखंडी फुलांचे खिळे ठोकलेलं, आणि त्या मोठ्या दाराच्या पोटात एक छोटं दार. त्यातून जायचं तर मान लववायची आणि पाय उचलायचा. नुकतंच तेल पाजलेलं होतं, माशाच्या तेलाचा वास येत होता. मी हात फिरवला. साग हाताला कळतो.

पुडी सोडली, बोट बुडवलं आणि चौकटीला कुंकू लावलं. पाच बोटं ओढली, खालून वर.

आतून राखणदार आला. म्हातारा कुवेती, अंगात पांढरा पायघोळ दिशदाशा, हातात चहाचा पेला. पेला खाली ठेवून तो ओरडायलाच लागला. झुबेदाचं तोंड उतरलं. "मावशी, हा म्हणतो सरकारी घराला रंग फासला. पोलिसांना बोलावतो म्हणतो. पुसून टाक गो पटकन. जावयाचा इकामा जाईल." इकामा म्हणजे तिथे राहण्याचा परवाना. तो गेला की चंबूगबाळं आवरा.

घाबरले, खोटं कशाला सांगू. शैलाची नोकरी, तान्हं पोर, सगळं डोळ्यांपुढे आलं. पण म्हाताऱ्याने फडकं पुढे केलं तेव्हा मी हात मागे घेतला.

"त्याला सांग, मी कुंकू पुसणार नाही. एकदा पुसलंय. माझं मला विचारलं नव्हतं कोणी. आता दाराचं पुसायला लावू नका."

झुबेदा हे अरबीत सांगायला लागली तर म्हाताराच हिंदीत म्हणाला, "मैं समझता हूँ. बंबई गया हूँ, बोट पे." मग मला म्हणाला, "अम्मा, आदमी मर गया?"

"हो."

"कब?"

मी सांगितलं. तो फडकं घेऊन स्वतःच चौकट पुसायला लागला. ताज्या तेलात कुंकू आणखीच भिनलं, पाच बोटांचा एक लाल पट्टा झाला. पुसता पुसता तो थांबला आणि हसायला लागला.

"मेरा बाप मरा," तो म्हणाला, "तो माँ इद्दत में बैठी. चार महिना दस दिन. फिर उठी, मेंदी लगाई, बाजार गई. तुम्हारा इद्दत कब खतम होता है?"

झुबेदाने सांगितलं, इद्दत म्हणजे नवरा गेल्यावर बाईने घरात बसायची मुदत. मी म्हणाले, "आमच्यात संपत नाही."

त्याने डोकं हलवलं, जसं कोणी चुकीचा पत्ता सांगितल्यावर हलवतात. "दस साल बहुत है, अम्मा."

बोटाला कुंकू उरलं होतं. ते मी कपाळाला लावलं, अंदाजाने. आरसा कुठे होता. झुबेदाने वाकडं झालेलं पदराने सरळ करून दिलं आणि म्हणाली, "आता शोभतंय."

मग त्याने आम्हाला घर दाखवलं, तेही चहा पाजून. आत सगळं घर अंगणाकडे तोंड करून बसलेलं. भिंती समुद्रातल्या दगडांच्या. आढ्याकडे बघितलं तर काळसर गोल दांडे, एकाचं बुड तर शेजारच्याचा शेंडा, म्हणजे छप्पर एका अंगाला झुकत नाही. त्यांना चंदल म्हणतात, ते आफ्रिकेतून यायचे. त्यांच्यावर बांबूच्या चिपा, वर चटई, मग माती. सगळ्या खोल्या अरुंदच. मी विचारलं, पैसेवाले होते तर खोल्या मोठ्या का नाही बांधल्या? म्हातारा म्हणाला, दांडा जेवढा, खोली तेवढी. किती सरळ हिशेब. लाकूड सांगेल तसं माणसाने राहायचं. मी तिथल्या ओसरीवर पाय पसरून बसले आणि मनात म्हटलं, बाबा, एक दार पुजलं.

घरी शैलाने दार उघडलं. बाळ खांद्यावर. माझ्याकडे बघत राहिली. "आई, कपाळ..."

"हो. माझंच आहे."

जावई आतून म्हणाले, "गावाला काय सांगणार?"

"गावाला मी सांगेन, जावईबापू. तुम्ही पोरीला ढेकर काढायला घ्या."

शैलाने मला हात धरून आत नेलं आणि आरशापुढे उभं केलं. दोघी खूप वेळ हसत होतो, बाळ मध्ये.

आता काय उरलं म्हणाल, तर घराचा एक फोटोसुद्धा नाही माझ्याकडे. ते दार आहे की बदललं, ठाऊक नाही. रत्नागिरीत उतरले ती कपाळ तसंच ठेवून. जाऊबाईंनी पंधरवडाभर अबोला धरला. हळदीकुंकवाची बोलावणी थांबली. मग चैत्रात मीच करायला लागले, आणि पहिलं बोलावणं मोकळ्या कपाळाच्या बायकांना. पहिल्या वर्षी आंब्याची डाळ पातेलंभर उरली. कोण येणार? पुढच्या वर्षी थोडी कमी उरली. आता दोनदा वाटावी लागते.

जाऊबाईंचे मालक गेले त्यानंतरच्या चैत्रात त्या आल्या, सगळ्या गेल्यावर, अंधारून आल्यावर, मागच्या दाराने. मी म्हटलं, "इथून नाही. पुढून या." त्या तुळशीला वळसा घालून पुढे येईपर्यंत मी कुयरी घेऊन उंबऱ्यात उभी होते.