उजव्या गालाचं सुतक

आमच्या घरात कॉलेजला जाणारा मी पहिलाच. सोलापुरात मी ज्या सलूनवाल्याकडे दाढी करायचो, त्याला सगळे मामाच म्हणत. नाव मी कधी विचारलं नाही. इटलीत बनणाऱ्या काउबॉय सिनेमांच्या पोस्टरवरचे चेहरे कापून त्याने आरशाभोवती चिकटवले होते. त्यातल्या एका मिशाळ खलनायकावर त्याचा फार जीव. हा खलनायक प्रत्येक सिनेमात शेवटी गोळी खाऊन घोड्यावरून पडायचा.

"पडावं तर ह्यानंच," मामा म्हणायचा. "लई मन लावून मरतोय की!"

तोंडी परीक्षेच्या सकाळी मामाच्या खुर्चीत माझा डावा गाल करून झाला होता. मी इंग्रजी पेपर वाचतो हे कळावं म्हणून सांगून टाकलं, "मामा, तुमचा मिशाळ वारला. पेपरात फोटो होता."

"शिनेमात?"

"नाही, खरोखर. घरी, अंथरुणात."

"घोड्यावर न्हाय?" त्याने वस्तरा मिटला. "आज सुतक. दुकान बंद."

"मामा, उजवा गाल! माझी परीक्षा आहे!"

"घरचा मानूस गेल्यावर दाढी करत्यात व्हय?"

देवाच्या फोटोचा हार काढून त्याने मिशाळाला घातला आणि डोळे पुसले. पडद्यावर मिशाळ मेला की अख्खं थेटर टाळ्या वाजवायचं. त्याच्यासाठी रडणारा मी हा एकच माणूस पाहिला.

परीक्षेत सर माझ्या उजव्या गालाकडे बघत राहिले. "घरात कोणी वारलं का?"

मला खोटं बोलवेना.

"हो सर," मी म्हणालो. "नाव मला नीट उच्चारता येत नाही. पण घोड्यावरून पडायचे फार छान."